शाळेच्या बागेत बी उगवत नाही किंवा उगवलेली रोपे कोलमडतात: कारण कसे शोधावे

प्राथमिक वर्गाने उत्साहाने पेरलेला वाफा दोन आठवड्यांनीही रिकामा राहतो, किंवा वर आलेली रोपे दोन-तीन दिवसांत एकामागून एक आडवी होतात, ही तक्रार शालेय बागांमध्ये दरवर्षी नव्याने ऐकू येते. असे वाफे मी बऱ्याच शाळांमधून पुन्हा मार्गी लावले आहेत. दोष क्वचितच बियाण्यात असतो आणि मातीत त्याहूनही क्वचित. तो बहुतेक वेळा पाणी देण्याच्या पद्धतीत आणि पेरणीच्या खोलीत सापडतो. तरीही शाळा सर्वांत आधी नवे बियाणे किंवा खताची नवी गोणी आणते, मूळ कारण जागेवरच राहते आणि दुसरी पेरणीही पहिलीच्या वाटेने जाते. त्यामुळे या लेखातला मुख्य आग्रह एकच आहे: दुसऱ्यांदा पेरण्याआधी पहिले बी उकरून पाहावे.

लक्षणे

पुढच्या तपासण्यांपैकी कोणत्या आपल्याला लागू आहेत, हे लक्षणांवरून ठरते. म्हणून वाफ्यापाशी बसून आधी नेमके काय दिसते ते लिहून काढावे.

सगळा वाफा सारखाच रिकामा आहे, की काही जागी रोपे आहेत आणि काही जागी नाहीत? सगळीकडे सारखेच अपयश असेल तर कारण सामाईक असते, म्हणजे बियाणे, हवामान किंवा माती. ठिपक्याठिपक्यांनी उगवण झाली असेल तर कारण हातांमध्ये असते, म्हणजे कोणी किती खोल पेरले आणि कोणी किती पाणी घातले. रोपे वाफ्याच्या मधोमध नसून एका कडेला किंवा थेट पायवाटेवर दाटीने उगवली असतील, तर बी पाण्याबरोबर वाहून गेले आहे आणि शोध तिथेच संपतो.

रोपे उगवून पडली असतील, तर पडलेले रोप हातात घेऊन खोडाचा जमिनीलगतचा भाग पाहावा. तो भाग पाणचट, करपट आणि दोऱ्यासारखा बारीक झाला असेल तर ती रोपमर आहे. खोड स्वच्छ कापले गेले असून वरचा भाग बाजूला पडला असेल तर ते किडीचे काम आहे. खोड अखंड, पण लांबलचक, फिकट आणि एका बाजूला झुकलेले असेल तर प्रकाश कमी पडला आहे. दुपारी माना टाकणारी रोपे संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर तो उन्हाचा ताण आहे आणि त्याची फारशी चिंता नको. मात्र माती ओली असूनही रोपे सकाळीच मलूल दिसत असतील, तर मुळे कुजू लागल्याची शक्यता मोठी असते.

वर्गातल्या खिडकीत कापसावर किंवा काचेच्या बरणीत रुजत घातलेल्या बियांची लक्षणे वेगळी असतात: बी फुगते, बुळबुळीत होते, वास येतो आणि त्यावर बुरशीचे पांढरे जाळे दिसते. याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते. बी ओलसर आधारावर ठेवण्याऐवजी पाण्यात बुडवून ठेवलेले असते. रुजणारे बी श्वसन करते, त्याला ऑक्सिजन लागतो, आणि साचलेल्या पाण्यात तो पुरेसा मिळत नाही. कापूस पिळल्यावर थेंब पडू नये इतकाच ओला ठेवला आणि बीचा निम्मा भाग हवेत राहू दिला, तर हा प्रयोग सहसा फसत नाही. बुरशी आलेली बरणी मात्र मुलांसमोर उघडू नये. ती बंदच टाकून द्यावी.

पहिली तपासणी: पुरेसे दिवस झाले आहेत का?

ही तपासणी फुकट आहे आणि ती करायला एक कॅलेंडर पुरते, पण तीच सर्वाधिक वेळा वगळली जाते. माती 20 ते 25 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल, तर मुळा 3 ते 6 दिवसांत दिसतो, घेवड्याला 6 ते 10 दिवस लागतात, टोमॅटोला साधारण तेवढेच किंवा थोडे अधिक, आणि गाजराला 10 ते 20 दिवस लागू शकतात. मिरचीही गाजराइतकीच वाट पाहायला लावते. माती थंड असेल तर हे सगळे आकडे लांबतात. घेवड्याचे बी 10 अंशांच्या खालच्या थंड, ओल्या मातीत रुजण्याऐवजी कुजते. उलट लेट्यूससारखे बी 30 अंशांच्या वर सुप्तावस्थेत जाते आणि जिवंत असूनही उगवत नाही. म्हणून साधा तापमापक सकाळी 5 सेंटिमीटर खोल खुपसून मातीचे तापमान नोंदवावे, कारण हवेच्या तापमानावरून मातीचा अंदाज बहुधा चुकतो.

हाच तक्ता मुलांकडून पेरणीच्या दिवशी करून घ्यावा. बी कधी दिसायला हवे हे आधीच लिहून ठेवलेले असले, की तिसऱ्या दिवशी कोणी माती उकरत नाही आणि तेराव्या दिवशी कोणी विनाकारण वाटही पाहत नाही. लहान मुलांच्या वर्गाने पहिली पेरणी मुळ्याची किंवा घेवड्याची करावी असे माझे स्पष्ट मत आहे. गाजर सहा-सात वर्षांच्या मुलांच्या धीराची फार कठीण परीक्षा घेते.

दुसरी तपासणी: बी उकरून पाहणे

दिवस उलटून गेले असतील, तर वाफ्याच्या तीन-चार वेगवेगळ्या जागी आइसक्रीमच्या काडीने हलकेच माती बाजूला करून बी शोधावे. फावडे किंवा खुरपे वापरू नये, कारण बी कोणत्या खोलीवर होते हीच माहिती आपल्याला हवी असते आणि माती उलटली की ती नाहीशी होते. सापडलेले प्रत्येक बी पांढऱ्या कागदावर ठेवून, शेजारी त्याची खोली लिहून, मुलांना भिंगातून पाहू द्यावे. दहा मिनिटांच्या या कामातून जे कळते ते बहुतेक वेळा पुढच्या सगळ्या तपासण्यांची गरज संपवते.

बी पेरले होते तसेच कोरडे आणि टणक निघाले, तर पाणी त्याच्यापर्यंत पोहोचलेलेच नाही. वरून ओली दिसणारी माती बोटभर खाली कोरडी ठणठणीत असणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. शेंगवर्गीय पिकांत आणखी एक शक्यता असते: काही बियांचे आवरण इतके घट्ट असते की ओलाव्यातही पाणी आत शिरत नाही. अशी बी बारीक पॉलिश पेपरवर एकदा हलकेच घासून पेरली की प्रश्न सुटतो.

बी फुगून मऊ पडले असेल आणि दाबल्यावर आतून पांढरट पातळ द्रव येत असेल, तर ते कुजले आहे. पाणी जास्त झाले, माती थंड होती, किंवा बी मुळातच मेलेले होते. या तिघांतला फरक पुढच्या चाचण्यांतून कळतो.

बीला मोड आला आहे, पण तो वाळून तपकिरी झाला आहे, हे दृश्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यातून पाण्याची खंडित पाळी उघड होते. मूळ बाहेर पडण्यापूर्वी बी एकदा ओले होऊन पुन्हा सुकले, तरी बहुधा तग धरते. मूळ बाहेर पडल्यावर मात्र ती सहनशक्ती संपते. त्यानंतर माती एक दिवस जरी पूर्ण वाळली तरी अंकुर मरतो आणि नंतर कितीही पाणी घातले तरी तो परत येत नाही. आठवडाभर नीट पाणी मिळालेला वाफा शनिवार-रविवारच्या सुट्टीत मरतो, तो याच कारणाने.

घेवड्याचे रोप बाहेर येताना खोड आधी आकड्यासारखे वाकते, तो वाकलेला भाग माती फोडतो आणि मागोमाग दोन्ही बीजपत्रे, म्हणजे बीमधली पहिली जाड पाने, वर ओढली जातात. उकरल्यावर हा आकडा मातीच्या कठीण थराखाली अडकलेला, पिवळा आणि आडवा वाढलेला दिसला, किंवा मान मोडून बीजपत्रे खालीच राहिलेली दिसली, तर दोष पपडीचा किंवा खोलीचा आहे. वाटाण्याचे तसे होत नाही, कारण त्याची बीजपत्रे मातीखालीच राहतात आणि फक्त बारीक कोंब वर येतो. घेवडा आणि वाटाणा शेजारी शेजारी पेरून हा फरक दाखवणे हा चौथी-पाचवीच्या मुलांसाठी उत्तम धडा आहे.

आणि बी सापडलेच नाही, तर ते पक्षी, उंदीर किंवा मुंग्यांनी नेले असावे. पाखरांपासून वाफा वाचवण्यासाठी उगवण होईपर्यंत त्यावर जाळी ताणून ठेवणे पुरते. जाळीच्या कडा मातीत दाबाव्यात, नाहीतर पक्षी आत शिरून अडकतात.

तिसरी तपासणी: पाणी कोण, कधी आणि कुठे घालते

शाळेच्या बागेचा हा खरा गाभा आहे. घरच्या कुंडीला एक माणूस पाणी घालतो. शाळेच्या वाफ्याला तीस मुले घालतात आणि प्रत्येक मूल आपल्या नावाच्या पाटीपाशी घालते. पेल्यातले 200 मिलिलिटर पाणी 10 सेंटिमीटर लांब आणि 10 सेंटिमीटर रुंद जागेवर ओतले, तर तिथे 20 मिलिमीटर पावसाइतके पाणी एका क्षणात पडते. त्याने बी उघडे पडते, वाहून जाते किंवा चिखलात गुदमरते, आणि दोन नावांच्या मधली जागा मात्र कोरडीच राहते. हा हिशेब मुलांना आलेख कागदावर करायला लावावा. सांगून जे पटत नाही ते त्यांना गुणाकारातून पटते.

ओलाव्याची चाचणी बोटाने करावी. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालावे आणि आतली थोडी माती मुठीत दाबावी. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि अंगठ्याच्या हलक्या दाबाने फुटला, तर मातीत वाफसा आहे, म्हणजे तिच्यात पाणी आणि हवा दोन्ही आहेत, आणि आज पाण्याची गरज नाही. गोळा बनलाच नाही तर पाणी द्यावे. गोळ्यातून पाणी सुटले किंवा तळहात चिखलाने माखला, तर पाणी पूर्ण थांबवावे, मुलांना कितीही वाईट वाटले तरी.

यावर दोन बदल पुरतात. पहिला, पेले बंद करून बारीक छिद्रांची एकच झारी ठेवावी आणि रोज दोनच मुलांची पाळी लावावी. त्यांनी आधी बोटाची चाचणी करून निकाल वहीत लिहावा आणि मगच झारी उचलावी. ज्या मुलांची पाळी नसते त्यांना मोजमाप, चित्र काढणे, तापमान पाहणे अशी कामे द्यावीत, म्हणजे पाणी घालणे हाच बागेतला एकमेव आनंद उरत नाही. दुसरा, आठवड्याच्या शेवटच्या तासाला चाचणी सक्तीची करावी आणि सुट्टीपुरता वाफा ओल्या गोणपाटाने झाकावा. पहिला कोंब दिसताच गोणपाट काढावा, नाहीतर रोपे त्याच्याखाली पिवळी आणि लांबुळकी होतात. सुट्टी मोठी असेल तर मात्र उगवणीचे दिवस सुट्टीत येणार नाहीत अशी पेरणीची तारीख निवडणे, एवढाच खात्रीचा उपाय आहे.

चौथी तपासणी: खोली आणि पपडी

बी आपल्या जाडीच्या साधारण दोन ते तीन पट खोल पेरावे, हा सर्वसाधारण नियम आहे. घेवड्यासाठी ते 2 ते 4 सेंटिमीटर होते, मुळ्यासाठी सुमारे 1 सेंटिमीटर, गाजर आणि टोमॅटोसाठी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. लेट्यूसच्या अनेक जातींच्या बीला रुजण्यासाठी प्रकाश लागतो, म्हणून ते मातीवर फक्त दाबून ठेवावे. नियमामागचे कारण मुलांना सांगितले पाहिजे: पाने हिरवी होऊन अन्न तयार करू लागेपर्यंत अंकुर बीमधल्या साठ्यावरच जगतो, आणि लहान बीचा साठा लांबच्या प्रवासाला पुरत नाही.

बोटाने खड्डा करायला सांगितले की मुले बोट जाईल तितके घालतात, आणि खड्डा खोल झाला तर ते त्यांना अधिक चांगले काम वाटते. त्याऐवजी पेन्सिलीवर हव्या त्या खोलीला रबर गुंडाळून द्यावे आणि रबर मातीला टेकले की थांबायला सांगावे. या एका साधनाने जितके वाफे सुधारताना मी पाहिले आहेत, तितके कोणत्याही खताने सुधारलेले पाहिले नाहीत.

पपडी धरते ती मोठ्या थेंबांच्या पाण्यामुळे. मातीचे ढेकूळ फुटतात, बारीक कण वरच्या थरात दाटून बसतात आणि सुकल्यावर कडक होतात. वाफ्याच्या पृष्ठभागावर बारीक भेगा आणि उचललेले तुकडे दिसले की पपडी ओळखावी. उगवण अजून व्हायची असेल तर बारीक झारीने थर ओला ठेवावा; तो खरवडू नये, कारण खाली वाकलेले अंकुर तयार असतात. पुढच्या वेळी बीवर मातीऐवजी चाळलेल्या कंपोस्टचा पातळ थर पसरावा.

पाचवी तपासणी: बियाणे जिवंत आहे का?

इथपर्यंत सगळे ठीक असेल, तरच बियाण्याकडे वळावे. पाकिटातली 20 बिया ओल्या टिपकागदावर किंवा सुती फडक्यावर रांगेत ठेवून गुंडाळी करावी, ती सैल बंद केलेल्या पिशवीत घालून उबदार जागी ठेवावी आणि रोज उघडून पाहावी. त्या पिकाच्या नेहमीच्या मुदतीनंतर मोड आलेल्या बिया मोजाव्यात; 20 पैकी 17 म्हणजे 85 टक्के. 80 टक्क्यांच्या वर निकाल आला तर बियाणे निर्दोष आहे, 50 ते 80 असेल तर दाट पेरावे, आणि 50 च्या खाली असेल तर नवे आणावे. शिक्षकांच्या कपाटात वर्षानुवर्षे राहिलेली पाकिटे इथे हमखास नापास होतात, विशेषतः कांद्याची, कारण कांद्याचे बी साधारण वर्षभरच चांगले राहते. घेवडा तीनेक वर्षे आणि टोमॅटो चारेक वर्षे टिकतो, मात्र जागा कोरडी आणि थंड हवी.

वय हाच एकमेव निकष नाही हे मुलांना सांगण्यासाठी एक खरा प्रयोग आहे. विल्यम बील या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 मध्ये मिशिगन येथे तणांच्या बिया वाळूत मिसळून 20 बाटल्यांमध्ये भरल्या आणि जमिनीत पुरल्या, म्हणजे पुढच्या पिढ्यांनी ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून किती बिया उगवतात ते पाहावे. 2021 मध्ये, 141 वर्षांनंतर काढलेल्या बाटलीतल्या काही बियाही उगवल्या. ती तणांची चिवट बी होती. भाजीच्या बियांकडून तशी अपेक्षा ठेवू नये, पण पाकिटावरची तारीख पाहून बी फेकून देण्याआधी चाचणी करावी हे त्यातून मुलांना चांगले कळते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाचा लेप असलेल्या बियांवर बुरशीनाशक लावलेले असू शकते. अशी बी मुलांच्या हातात देऊ नये. लाल राजमा कच्चा खाल्ल्यास विषारी असतो, आणि एरंड, धोतरा व गुंज यांच्या बिया तर वर्गात आणूच नयेत.

सहावी तपासणी: उगवलेली रोपे का पडतात?

रोपमर पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या सूक्ष्मजीवांमुळे होते. पिथियम खरी बुरशी नसून तिच्यासारखा दिसणारा जीव आहे आणि त्याचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात. म्हणूनच दाट पेरणी, सतत ओली माती आणि कोंडलेली हवा एकत्र आली की एका कोपऱ्यात सुरू झालेली मर दोन-तीन दिवसांत ट्रेभर पसरते. पडलेले रोप वाचत नाही. ते आसपासच्या मातीसह उचलून टाकावे, कंपोस्टच्या ढिगात घालू नये. उरलेल्यांची विरळणी करावी, पाणी फक्त सकाळी द्यावे आणि मातीचा वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये सुकू द्यावा. ट्रे आणि कुंड्या पुन्हा वापरण्याआधी साबणाने धुवून, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात किमान दहा मिनिटे बुडवाव्यात; हे काम मुले नसताना मोठ्यांनी हातमोजे घालून करावे. शाळेच्या बागेत बुरशीनाशक फवारण्याला माझा विरोध आहे: पाणी तसेच राहिले तर औषधाने मर थांबत नाही, आणि मुलांचे हात दिवसभर त्याच मातीत असतात.

लांबुळक्या रोपांना प्रकाश हवा असतो. खिडकीतला ट्रे रोज अर्धा वळता करावा, किंवा एलईडी ट्यूब रोपांच्या शेंड्यांपासून 5 ते 10 सेंटिमीटरवर टांगून दिवसाचे 14 ते 16 तास लावावी. टोमॅटोचे लांब झालेले रोप बीजपत्रांपर्यंत खोल लावले तर पुरलेल्या खोडाला मुळे फुटतात. घेवड्याचे पुन्हा पेरलेलेच बरे.

कापलेली खोडे दिसली तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वाफा पाहावा. खोड कुरतडणारी अळी दिवसा मातीत वेटोळे करून बसते आणि रात्री बाहेर येते. गोगलगाय चकचकीत वाळलेला माग सोडते. रोपाभोवती पुठ्ठ्याची कडी 2 ते 3 सेंटिमीटर मातीत आणि 5 सेंटिमीटर वर राहील अशी बसवली की अळी अडते. गोगलगायी हाताने वेचाव्यात, पण हातमोजे घालून, आणि हे काम मुलांना देऊ नये.

सातवी तपासणी: माती आणि खत

आता थोडे कष्टाचे काम येते. त्यापूर्वी दोष खरोखर मातीत आहे का, हे पेल्यांच्या प्रयोगाने ठरवावे. तळाला छिद्रे पाडलेले सहा पेले घ्यावेत. तिघांत वाफ्यातली माती, तिघांत खात्रीचे रोपमिश्रण भरावे. सगळ्यांत एकाच पाकिटातला घेवडा, एकाच खोलीवर, एकाच मापाच्या पाण्याने वाढवावा. प्रत्येक पेल्याखाली स्वतंत्र बशी असावी, म्हणजे एकाचे पाणी दुसऱ्यात जात नाही. एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे सारखे ठेवायचे, ही विज्ञानाची शिस्त मुले या सहा पेल्यांतून जितक्या सहज शिकतात तितकी फळ्यावरून शिकत नाहीत. सर्व पेल्यांत उगवण सारखी झाली तर मातीवर संशय घेणे थांबवून तिसऱ्या तपासणीकडे परत जावे.

वाफ्यातल्या मातीचेच पेले मागे पडले, तर आधी निचरा पाहावा. सुमारे 30 सेंटिमीटर खोल व तितकाच रुंद खड्डा मोठ्या माणसाने खणावा, पाण्याने भरावा, ते जिरले की पुन्हा भरावा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजावे. 2.5 सेंटिमीटरपेक्षा कमी उतरली तर निचरा वाईट आहे आणि 20 ते 30 सेंटिमीटर उंच वाफा हा सरळ उपाय आहे.

त्यानंतर खत. न कुजलेल्या शेणखतातून अमोनिया सुटतो, त्याने कोवळी मुळे करपतात. शिवाय त्यात रोगजंतू असू शकतात. ज्या भाजीचा खाण्याचा भाग मातीला लागतो तिच्यासाठी कच्चे खत काढणीच्या निदान 120 दिवस आधी मातीत मिसळलेले असावे असा दंडक सेंद्रिय शेतीच्या काही नियमांत आहे; शाळेने कच्चे खत आणूच नये, हे त्याहून बरे. ताजा लाकडी भुसा मातीत मिसळला असेल तर तो कुजवणारे जीव मातीतला नायट्रोजन स्वतःच वापरतात आणि रोपे पिवळी राहतात.

रोपे उगवली, पण नवी पाने वाटीसारखी वळलेली, पिळवटलेली आणि अरुंद दिसत असतील, तर तणनाशकाचा अंश खतातून आला असण्याची शक्यता धरावी. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही तणनाशके गवतावर फवारलेली असली तर ते गवत खाल्लेल्या जनावराच्या शेणातही उरतात आणि कंपोस्ट झाल्यावरही लवकर नष्ट होत नाहीत. घेवडा, वाटाणा आणि टोमॅटो यांना फार थोडा अंशही बाधतो. वरचाच पेल्यांचा प्रयोग संशयित खत मिसळून तीन आठवडे चालवला की उत्तर मिळते, आणि खरे तर कोणतेही नवे खत वाफ्यात पसरण्याआधी तो केला पाहिजे, कारण पसरलेले खत परत वेचता येत नाही.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

वरच्या सगळ्या तपासण्या करूनही त्याच जागी दुसरी पेरणी फसली, तर तिसरी करू नये. माती परीक्षण प्रयोगशाळेकडे नमुना पाठवावा. वाफ्याच्या पाच ते दहा जागांवरून 15 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती स्वच्छ प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करावी, कारण जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीने जस्ताचे आकडे बिघडतात. ती सावलीत सुकवून त्यातली अर्धा किलो द्यावी. सामू (माती आम्ल आहे की अल्कधर्मी) आणि क्षारता यांची चाचणी जरूर मागावी. हे निकाल येईपर्यंत चुना, मीठ किंवा रासायनिक खत अंदाजाने टाकू नये.

काही ठिकाणी तर पहिल्या तपासणीच्याही आधी थांबायला हवे. वाफा जुन्या इमारतीच्या सोलपटलेल्या रंगाजवळ, गजबजलेल्या रस्त्याकडेला किंवा पूर्वी कारखाना, गॅरेज अथवा कचरा टाकण्याची जागा असलेल्या जमिनीवर असेल, तर शिशाची तपासणी होईपर्यंत मुलांना त्या मातीत हात घालू देऊ नये. शिसे असलेल्या मातीत रोपे निरोगी दिसतात, त्यामुळे लक्षणांवरून काहीच कळत नाही. आणि रक्तातील शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित असल्याचे ज्ञात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. मातीला डिझेलचा किंवा रसायनाचा वास येत असेल, तरीही तोच नियम लागू होतो.

पाण्याचा पंप, बाहेरची वायरिंग आणि दिव्यांची जोडणी यांत दोष असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवावा. ओल्या जागेत शिक्षकाने जोडण्या उघडू नयेत. वाफ्याजवळ गांधीलमाश्यांचे पोळे, सापाचे बीळ किंवा उंदरांचा मोठा उपद्रव आढळला तर जागा बंद करून त्या कामाच्या जाणकाराला बोलवावे. बागकामात मातीने माखलेली जखम झाली तर ती धुवून धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांना विचारावे. आणि कोणत्याही मुलाने अनोळखी बी तोंडात घातली असेल, तर लक्षणांची वाट न पाहता त्या बीचा नमुना बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

तज्ज्ञाला बोलावताना पेरणीची तारीख, मातीच्या तापमानाची नोंद, पाणी देण्याची वही, 20 बियांच्या चाचणीचा निकाल, पेल्यांच्या प्रयोगाचे फोटो आणि पांढऱ्या कागदावर चिकटवलेली उकरलेली बी, एवढे सगळे त्याच्यासमोर ठेवावे. वही नीट भरलेली असेल तर बऱ्याचदा वाफ्यापर्यंत जाण्याआधीच कारण कळते.